आजारी पडायला जागा

सोमवार, ३ नोव्हेंबर

अंग तापले आहे. कोणाला सांगितलेले नाही. सांगणारही नाही.

सकाळी लिफ्टच्या जाळीचे दार एका ओढीत सरकेना. एक बाई म्हणाल्या, "आजोबा, मी ओढू का?" मी म्हणालो, "बाईसाहेब, आपण पेशंट आहात. दार ओढणे हे माझे काम आहे." दुसऱ्या मजल्यावर उतरताना त्याच बाई पायाने उंबरा चाचपू लागल्या. मी हात दिला. दोघांचाही मान राहिला.

नोकरीला लागून दीड महिना होत आला. इमारत डॉक्टरांची आहे. पहिल्या मजल्यावर दात, दुसऱ्यावर डोळे, तिसऱ्यावर हाडे आणि चौथ्यावर हृदय. लिफ्ट जुनी, तिची दोन्ही दारे हाताने ओढावी लागतात, म्हणून माणूस लागतो. तो माणूस मी. युनिफॉर्म आहे, टोपी आहे. घरी मात्र "एका ऑफिसात देखरेखीचे काम आहे" एवढेच सांगितले आहे. ते असत्य नाही. लिफ्टची देखरेख मीच करतो.

दातवाले गाल धरून येतात, डोळेवाले कोणाचा तरी हात धरून, हाडवाले भिंत धरून. चौथ्या मजल्याचे लोक काहीच धरत नाहीत. ते शांत उभे राहतात.

दिवसभर लोकांना डॉक्टरांच्या दारात पोहोचवतो, आणि स्वतःला ताप असताना एकाही मजल्यावर उतरता येत नाही. सुपरवायझरने पहिल्याच दिवशी बजावले होते, "आजोबा, पहिले तीन महिने रजा नाही. आजारी पडायचंच असेल तर चौथ्या महिन्यात पडा." सगळे हसले होते. मीही हसलो होतो. तो विनोद आज मला कळला.

घरी तर बोलण्याची सोयच नाही. गेल्या वर्षी भर रस्त्यात मला घेरी आली, लोकांनी उचलून घरी आणले. तेव्हापासून मुलगा आणि सूनबाई कामावर निघाले की दाराला बाहेरून कडी. "बाबा, तुमच्याच काळजीपोटी." जेवण झाकलेले, पाणी भरलेले, रेडिओ हाताशी. पोपटाला याहून अधिक काय लागते? खिडकीतून शेजाऱ्याला हाक मारून कडी काढवून घेता आली असती. परंतु स्वतःच्या घराची कडी दुसऱ्याकडून काढवून घ्यायची, म्हणजे आपल्याच दारात भीक मागणे झाले.

एका रविवारी न्हाव्याकडे या नोकरीचे कळले. घरात महाभारत झाले. शेवटी सूनबाईने तोड काढली, "जाऊ द्या त्यांना. पण बाबा, एकदा जरी आजारी पडलात तर नोकरी बंद. मग घरी." मी शब्द दिला. घरी म्हणजे कडीच्या आत, हे तिला बोलावे लागले नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ताप आहे. घास गिळवेना. डबा येताना कुत्र्याला घातला आणि नळावर घासून टाकला. सूनबाई म्हणाली, "बाबा, आज डबा घासूनबिसून आणलात, काय विशेष?" म्हणालो, "स्वच्छतेची सवय असावी." तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले. मी रेडिओ लावला.

मुलगा संध्याकाळी जिन्यात मधल्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. घरी परतणाऱ्याने नाडी सोडायची असते, बांधायची कशाला? मी तापात असून त्याच्या पुढे वर पोहोचलो. चाळिशीचा माणूस! आणि म्हातारा म्हणे मी.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पकडला गेलो.

दुपारी लिफ्ट तिसऱ्याऐवजी दुसऱ्यावरच थांबवली. कुबडीवाला गृहस्थ उतरून डोळ्यांच्या दवाखान्यात शिरला. तक्रार खाली गेली. सुपरवायझर आला. त्याने माझा हात धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला.

"आजोबा, इस्त्री आहे का अंगात?"

"उन्हातून आलो आहे."

"लिफ्टमध्ये कुठलं ऊन? उद्या येऊ नका. एक रजा देतो, माझ्या अंगावर घेऊन देतो. परवा ताप घरी ठेवून यायचं. परत असं दिसलात तर मग येऊच नका. बाहेर तुमच्या जागेसाठी रांग आहे."

त्याचा आवाज वाईट नव्हता. त्यालाही वर कोणी असेलच.

रजा मिळाली. ती घालवायची कोठे, याचे उत्तर मिळाले नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

नेहमीच्या वेळेला दाढी केली, कपडे केले, डबा घेतला, निघालो. मुलगा दाराशी म्हणाला, "बाबा, सांभाळून." मी म्हणालो, "तू सांभाळ. मी कामावरच चाललो आहे." असे असत्य यापूर्वी बोललो नव्हतो. जिना उतरेपर्यंत पाठीवर त्याची नजर जाणवत राहिली.

आधी बागेत गेलो. बाकावर आडवा होताच माळ्याने झारीने बाक ठोकला. "झोपायला घरं नाहीत का लोकांना?" घर आहे. तेथेच झोपता येत नाही. हे त्याला कसे समजावणार?

शेवटी बसमध्ये बसलो. खिडकीची जागा, अंगावर ऊन, डोके काचेला टेकलेले. शेवटचा थांबा आला की त्याच बसने परत. फेऱ्या झाल्या तेवढ्या झाल्या. मग कंडक्टर शेजारी येऊन बसला.

"आजोबा, सुनेशी वाजलं का?"

"मुळीच नाही. सूनबाई चांगली आहे."

"मग मुलाशी?"

"मुलगाही चांगला आहे."

"चांगल्या घरातली माणसं अशी दिवसभर बसमध्ये बसत नाहीत हो."

"मी रजेवर आहे," मी म्हणालो. "आजारपणाची रजा."

त्याने माझ्याकडे पाहिले, बसकडे पाहिले. नंतर तिकीट फाडलेच नाही. मी आग्रह धरला तेव्हा म्हणाला, "राहू द्या. आमच्या बसला कधी कुणी दवाखान्याचा मान दिला नव्हता." मला हसू आले. हसताना छाती दुखली.

संध्याकाळी वेळेवर घरी. "कसा गेला दिवस?" "प्रवासात गेला," म्हणालो. त्यांना वाटले, वर-खाली फाइली पोहोचवत असेन.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

ताप उतरला. कामावर हजर. कोणाला काही कळले नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज सर्वजण घरी. मुलगा जेवून आडवा झाला तो उठेना. मी टोमणा मारला, "सुट्टीच्या दिवशी झोपण्यासाठी नोकरी करतोस काय?"

"बाबा, नवीन ऑफिस आहे. मान खाली घालून काम करावं लागतं. मान दुखते."

जुनी कंपनी बंद पडल्यावर चार महिने तो घरी होता, तेवढे दिवस कडी नव्हती. हे नवे काम कोठे सप्टेंबरात मिळाले. चेहरा मात्र उतरलेलाच आहे. सूनबाई म्हणाली, "मी सांगते, एकदा दाखवून या डॉक्टरला. ऐकतील तर शपथ." तो म्हणाला, "काही झालेलं नाही मला. बाबा बघ या वयात कसे टुणटुणीत. मी त्यांचाच मुलगा ना?"

मी मिशीवरून हात फिरवला. खोटे कशाला लिहू, बरे वाटले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

जेवणाआधीच लिहून टाकतो.

दुपारी लिफ्टपाशी गर्दी होती. मी दाराकडे तोंड करून बसतो, लोक पाठीमागे. मजला विचारावा लागत नाही, लोकच सांगतात. "पहिला." "दुसरा, आजोबा." "हाडांचे डॉक्टर कुठल्या मजल्यावर?" आणि मागून एक आवाज, "चौथा."

तो आवाज बोबडा होता तेव्हापासून माझ्या ओळखीचा आहे.

मागे वळलो नाही. बटणांभोवती पितळी पत्रा आहे, तो रोज सकाळी मीच घासतो. त्यात मुलगा दिसला. ऑफिसचे कपडे. हात मोकळे. काहीही न धरता, शांत उभा.

त्याने मला ओळखले नाही. टोपी, युनिफॉर्म, पाठमोरा म्हातारा. लिफ्टवाल्याकडे कोणी पाहत नाही, याचा मला दीड महिना राग येत असे. आज देवाचे आभार मानले.

तिसऱ्यानंतर आम्ही दोघेच उरलो. चौथ्यावर दार ओढले. उतरताना तो म्हणाला, "थँक्यू काका."

बऱ्याच वेळाने चौथ्यावरून घंटा वाजली. वर गेलो. सिस्टर त्याला लिफ्टपर्यंत सोडायला आली होती. दार धरून उभी राहिली आणि बोलतच राहिली. मी खाली मान घालून.

"डॉक्टर हसून बोलले म्हणजे थट्टा नाही केली त्यांनी. आठ दिवस अंथरुणावरून उठायचं नाही. जिने नाहीत, दगदग नाही. शुक्रवारी रिक्षाने या, परत दाखवा."

"सिस्टर, नोकरीला तीन महिने नाही झाले. हृदयाचं कळलं तर उद्या माझ्या खुर्चीत दुसरा माणूस."

"मग दुसरं कारण सांगा."

"स्वतःच्या दुखण्याची रजा नाहीच मिळत. आईवडील आजारी असले तर देतात, मागे एकाला दिली. पण माझे वडील ठणठणीत आहेत. रोज कामाला जातात."

"मग घरी तरी सांगा."

"बायकोला सांगितलं तर बाबांना कळणार. एकदा घेरी येऊन पडलेत ते. नको."

ठणठणीत. हा शब्द त्याने छाती काढून उच्चारला. त्या छातीत काय चालले आहे हे माहीत असताना.

दार लावले. खाली आणले. एक अक्षर बोललो नाही. बोललो असतो तर त्याने आवाज ओळखला असता. तो फाटकातून बाहेर पडला, थोडा चालला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला.

माझ्या तोंडून त्याला कळले की मला माहीत आहे, तर तो मलाच जपत बसेल. आणि त्याला वाटते मी ठणठणीत आहे, म्हणून तो पडू शकत नाही. दोन्हीकडून कुलूप. किल्ली एकच दिसते, आणि ती माझ्याच खिशात आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काल जेवताना ताटावरून उठलो, भिंत धरली आणि म्हणालो, "मला बरे नाही. बरेच दिवस नाही. आता उभे राहवत नाही." सूनबाईने कपाळाला हात लावला. "ताप तर नाही, बाबा." मी म्हणालो, "ताप आत आहे." मुलगा पांढरा पडला. मी त्याचा हात धरला आणि सोडला नाही. "मला एकट्याला कडीत ठेवू नकोस. आठ दिवस तू माझ्याजवळ राहा." आयुष्यात त्याच्याकडे काही मागितले नव्हते.

सकाळी त्याने साहेबांना फोन केला. वडील फार आजारी आहेत, म्हणाला. रजा मिळाली. मीही सुपरवायझरला कळवले. तो म्हणाला, "परत ताप? मग आता येऊच नका, आजोबा."

शुक्रवारी मला रिक्षाने डॉक्टरांकडे ने, असे मुलाला सांगितले आहे. कोणत्या मजल्यावर, ते तेथे गेल्यावर सांगेन.

सूनबाई कामावर गेली. तो शेजारच्या गादीवर आहे. "मी हाक मारेपर्यंत पडून राहा," म्हणालो, तो झोपला. मी पांघरूण घेऊन आजारी पडलो आहे.

कडी आज आतून आहे. मीच लावली.