मधले कोन

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

काल पुसदहून पुण्यात आले, आज कामावर रुजू झाले. कर्वेनगरची खोली छोटी आहे. एक खाट, एक टेबल, पूर्वेला खिडकी. टेबल तीन फूट बाय दोन, भिंत आणि खाट यांच्यामधल्या बरोबर तीन फुटांत बसवलेलं. खुर्ची लागत नाही, खाटेवर बसून लिहिता येतं. घरमालक गोपाळकृष्णकाकांनी किल्लीबरोबर नियम दिले: भिंतीला खिळा नाही, सामान हलवायचं नाही, दार आपटायचं नाही, बाकी खोली आपलीच समजा. मी हसले. ते हसले नाहीत.

ऑफिस पायी दहा मिनिटांवर. नऊ माणसं. कारखान्यात यंत्र बसवण्याआधी ते कसं हलेल हे आम्ही पडद्यावर दाखवतो. माझ्याकडे फिरणारे आकार आहेत. तीन मीटर बाय दोन मीटरची फळी सरळ असताना तीन मीटर रुंदी घेते. फिरवली की कोपरे बाहेर येतात. चौतीस अंशांच्या आसपास तिला तीन मीटर साठ सेंटिमीटर लागतात. पुढे रुंदी परत कमी होते. म्हणून प्रत्येक कोनाला फळीभोवतीची चौकट मोजायची आणि सगळ्यांत मोठी धरायची. कारखान्यात त्या मापाने जमिनीवर पिवळा पट्टा मारतात. पट्ट्याबाहेर माणूस सुरक्षित.

हे मी न विचारता सांगितलं. मालक आमोद सर म्हणाले, साइन-कोसाइन विदर्भातही पोचलेत म्हणजे.

सहा महिन्यांनी कायम करतील. आईला फोन केला. बाबा गेल्यापासून घरात ही पहिली चांगली बातमी.

११ सप्टेंबर

जुना प्रोग्रॅम वाचते आहे. इथली एक पद्धत मला आवडली. ज्याने जो भाग लिहिला किंवा बदलला, त्याने त्यावर आपलं नाव आणि तारीख घालायची. चौकटीचा भाग दत्तप्रसाद नावाच्या कुणी लिहिला आहे. स्वच्छ काम. वर दोन ओळी मराठीत: ‘फिरणाऱ्याला जागा लागते. मधले कोन सोडू नका.’

खाली आमोद सरांच्या नावाने एक बदल आहे. मधले कोन काढून टाकलेत. फक्त सुरुवात आणि शेवट. शून्य आणि नव्वद.

१५ सप्टेंबर, सोमवार

दाराजवळच्या बाकावर एक म्हातारी बाई बसल्या होत्या. शेजारच्या टेबलावरची ऋचा म्हणाली, कुसुमताई, दत्तप्रसादची आई. दर सोमवारी येतात. पाणी घेतात, चहा घेत नाहीत.

मग तिने बाकीचं सांगितलं. एका कारखान्यात जागा कमी होती. चौकट लहान दाखवली तरच यंत्र तिथे बसणार होतं. दत्तप्रसादने नकार दिला, म्हणून सरांनी स्वतः मधले कोन काढले आणि त्याला सांगितलं नाही. गेल्या खंडेनवमीला कारखान्यात यंत्राची पूजा झाली. माप ज्याचं, त्याला मानाने बोलावलं होतं. आरतीचं ताट हातात घेऊन तो पिवळ्या पट्ट्याबाहेर उभा राहिला. नारळ फोडून यंत्राला एक फेरा दिला. यंत्राच्या तीन बाय दोन मीटर फळीचा कोपरा पट्ट्याच्या तीस सेंटिमीटर बाहेर आला. कानशिलावर. तो जागीच गेला.

ऋचा म्हणाली, मी हे कुठे बोलले नाही, तूही बोलू नकोस.

१८ सप्टेंबर

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दसरा झाला की चौकशी आहे. कागद नीट असावेत म्हणाले. तो बदल दत्तप्रसादच्या नावावर, त्याच्या तारखेचा करायचा. तू नवीन आहेस, तुझा कुणाशी संबंध नाही, आणि दिवाळीआधी कायमचं पत्र देता येईल. आवाज चढवला नाही. चहा मागवला.

मी केबिनमध्येच केलं. अकरा मिनिटं लागली. मग त्यांनी आपला पासवर्ड घालून नोंद बंद केली.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. कुसुमताई आल्या होत्या. सरांनी मला बाहेर पाठवलं. कुसुमताईंनी एवढंच विचारलं, की माप दत्तानेच चुकवलं का. मी म्हणाले, नोंद त्यांच्याच नावाची आहे. त्यांनी मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

त्या उठल्या. पदर सारखा केला. म्हणाल्या, “ठीक आहे. मग त्याला परत मोजायला सांगते.”

२३ सप्टेंबर

सकाळी टेबल थोडं तिरकं दिसलं. कोनमापक लावला. चार अंश. तीन फुटांत ते फिरायला जागाच नाही. तरी फिरलं आहे. एक कोपरा भिंतीत गेलाय. भिंतीला चरा नाही. सरळ करायला गेले, हलत नाही.

२४ सप्टेंबर

आठ अंश. गोपाळकृष्णकाका पाहून गेले. पुसदकडे टेबलं अशीच मांडतात का, असं विचारलं. सामान हलवायचं नाही हा नियम परत वाचून दाखवला.

ऑफिसात सरांचं टेबलही तिरकं आहे. त्यांनी शिपायाला झापलं. शिपाई म्हणाला, मी हात लावला नाही.

२६ सप्टेंबर

सोळा. रोज चार. दोन्ही टेबलं सारखी फिरताहेत.

सरांना सांगितलं, नोंद पूर्ववत करू या. त्यांनी विचारलं, नोकरी आवडत नाही का. मी जागेवर परत आले. आईला कायमचं पत्र येणार असं सांगून झालं आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

काल कात्रजला मैत्रिणीकडे राहायला गेले. तिथल्या टेबलावर वही ठेवली. आज ते टेबल चोवीस अंशांत. मैत्रीण म्हणाली, असं नव्हतं गं कधी. मी परत आले.

आता वहीतही. वही सरळ धरली आहे, ओळी तिरक्या जातात.

२९ सप्टेंबर

प्रत्येक आकाराचा एक कोन असतो, जिथे त्याला सर्वांत जास्त जागा लागते. सरांचं टेबल सहा फूट बाय तीन. त्याचा कोन साडेसव्वीस. हे मला काल कळायला हवं होतं. कळलं होतं. मी फोन केला नाही.

सकाळी ते केबिनमध्ये शिरले. ऋचाला आवाज आला. टेबलाचा कोपरा, कानशिलावर. जिवंत आहेत. बोलता येत नाही. शिपाई सारखं म्हणत होता, साहेब टेबलापासून लांब होते हो, चांगले लांब होते.

नोंद उघडायला त्यांचा पासवर्ड लागतो.

कुसुमताई बाकावर होत्या. पाणी पीत होत्या.

३० सप्टेंबर

बत्तीस.

तीन बाय दोन. फळी तीन बाय दोन. माझं टेबल तीन बाय दोन.

कुसुमताईंच्या घरी गेले. दार उघडलं नाही. आत आहेत. आतून म्हणाल्या, की मोजून झालं का, ते दत्ताला विचार.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

टेबलाचा कोपरा दारावर आडवा आला आहे. बाहेर जाता येत नाही. खाली काका स्कूटरला हार घालताहेत. हाका मारल्या. वर पाहिलं त्यांनी, दार आपटू नका म्हणाले.

खिडकीशी बसले आहे. कोपऱ्यापासून लांब. चांगली लांब.

फोन लागत नाही. फक्त वही. चौकशीवाल्यांनी हे पान बघावं.

तेहतीस.

ओळी फार तिरक्या. शेवट पानाबाहेर जातो. लहान लिहिते —

दत्तप्रसादने माप चुकवलं नाही. मधले कोन आमोद सरांनी काढले. नोंद नंतर बदलली. बदलणाऱ्या व्यक्तीचं नाव —

खाली आरती. ताटाचा आवाज खोलीत येतो आहे. माझ्या मागे —

बदलणाऱ्या व्यक्तीचं, माझं नाव नम्र