वस्तादांच्या तळहातावरचं लिंबू

मंगळवार, संध्याकाळ

मी जिम लावल्यापासून माझे वस्ताद एकच म्हणायचे, "लोखंड उचलून खांद्याचं लाकूड हुतंय. पोरींना दांडपट्टा काय शिकिवणार तू?" खरंच होतं ते. सकाळी जड डेडलिफ्ट मारली की संध्याकाळी पट्टा अडखळायचा. म्हणून क्रम उलटा केला, आधी पट्टा, मग वजनं.

आज तालमीत पोरींना लिंबू कापून दाखवायचं होतं. मी ते विटेवर ठेवलं. वस्तादांनी उचलून स्वतःच्या तळहातावर घेतलं. "मार की!"

खांदा अडला असता तर? पण नाही अडला! लिंबाच्या दोन फोडी, आणि तळहातावर नुसता रस. तो चाटत वस्ताद म्हणाले, "तुझ्या जिमात म्हाताऱ्यास्नी घेत्यात का गं?"