भाविकाच्या शिफारशीतला जादा ‘अ’

शिंदखेडा,
मंगळवार, दुपार

ती. लोटनदाजी यांस,

जीवरामचा नमस्कार. तुमचा गुडघा केळीच्या बागेपर्यंत नेतो की अजून खाटेवरच बसवून ठेवतो, ते कळवावं. अक्कालाही नमस्कार सांगा. आमच्याकडे सगळे बरे आहेत, फक्त मी फार थकलोय. फोनच केला असता, पण तुम्ही मधेच "हां हां" करून ठेवून देता.

तुमच्या लेकीने, भाविकाने, आयर्लंडच्या दवाखान्यात नर्सच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा "मिळतेय थोडीच" म्हणून तुम्ही हसला होतात. ती इथे सहा वर्षं नोकरीला, मी त्याच दवाखान्याचा हेडक्लार्क; त्यामुळे शिफारसपत्र डॉक्टरांनी मलाच लिहायला सांगितलं आणि न वाचता सही केली (मोठी माणसं). हिच्या देखभालीत क्वचितच कोणी पेशंट दगावला, असं मला म्हणायचं होतं. त्यासाठी ‘फ्यू पेशंट्स डाइड’ पुरे होतं. पण तो ‘फ्यू’ मला उघडाबोडका वाटला. नावाआधी आपण ‘श्री’ लावतो, तसा मानाने एक ‘अ’ लावला. ‘अ फ्यू’ म्हणजे काही जण मेलेच, हे अठ्ठावीस वर्षं इंग्रजी टाइप करूनही मला ठाऊक नव्हतं.

तिकडून मेल आला, किती मेले? मी घाबरलो. पोरगी कष्टाळू आहे हे ठासून सांगावं, म्हणून ‘शी वर्क्स हार्डली’ असं कळवलं. (सिन्सिअरली, ऑनेस्टली, सगळ्यांना शेवटी ‘ली’ लागतं, हार्डने काय घोडं मारलं होतं?) त्याचा अर्थ निघाला, ही काम जवळजवळ करतच नाही. म्हणजे पेशंट का मेले, त्याचं कारणही मीच पुरवलं. आमचा शिपाई मगन कॉम्प्युटरमध्ये डोकावून म्हणाला, "भाऊ, बठ्ठं बिघडी गयं!" त्याला इंग्रजी येत नाही. माझं तोंड पाहूनच त्याला कळलं.

मग तिकडच्या मुख्य नर्सबाईंनी व्हिडिओवर मुलाखत घेतली, माझ्याच टेबलावरून. पहिला प्रश्न मेलेल्यांचाच. भाविकाने माझ्याकडे नुसतं एकदा पाहिलं (दाजी, त्यापेक्षा शिव्या बऱ्या). मग सावकाश, साध्या इंग्रजीत तिने सांगितलं की सहा वर्षांत तिच्यासमोर तिघे गेले. तिघांची नावं घेतली. पिंपळनेरचे उखर्डूआबा शेवटच्या घटकेला टोपी मागत होते. उघड्या डोक्याने देवापुढे कसं जाऊ, म्हणत होते. हिने वॉर्डभर शोधून ती आणली, त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि हात धरून बसली. नर्सबाईंनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. मी दाराआड उभा होतो. मला पुढचं ऐकवलं नाही.

असो. आता इंग्रजीला माझा लांबूनच रामराम.

आपला,
जीवराम

ता. क. : नोकरी मिळाली. ती पंधरा तारखेला निघते. तुम्हाला सांगायची तिची हिंमत होईना, म्हणून एवढं पुराण. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण तिला आधी एक फोन करा.

ता. क. २ : जाऊ देणार नाही, असं म्हणण्याआधी अक्काला विचारा. भाविकाला बरोबर न्यायला कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि उडदाचे पापड तिने गेल्याच आठवड्यात इकडे पोचवलेत.