शेऱ्यामागचा कागद

आई, काल मी त्या माणसाला भर मीटिंगमध्ये मान खाली घालायला लावली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कित्याक गो? म्हातारो झालो तो." झालाय म्हातारा. हातात काठी, कानात मशीन, पण शर्टाचं बटण अजून तसंच गळ्यापर्यंत लावलेलं. मी त्याला ओळखलं ते त्या बटणावरूनच. पंधरा वर्षांची होते तेव्हापासून मला हा माणूस एकदा समोर हवा होता, आणि तो आला तो माझ्याच ऑफिसात, आमच्या शिपायाच्या हातचा चहा प्यायला.

तू गेलीस तेव्हा मी पालिकेत साधी क्लार्क होते. आता वॉर्ड ऑफिसात आरोग्य खात्याची हेडक्लार्क आहे, निवृत्तीला चार महिने उरलेत. मधे एक मोठी साथ येऊन गेली. करोना. ती तू पाहिली नाहीस हे बरं झालं. सगळं शहर घरात कोंडलेलं, घाटकोपर स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर कावळे निवांत चालत फिरायचे. आमच्या मीटिंगच्या हॉलमध्ये टेबलं मांडून वॉर रूम केली होती. भिंतीवर हॉस्पिटलांची यादी, टेबलावर फोन, आणि पलीकडून माणसं रडत बेड मागायची. सुरुवातीला आम्ही नुसते फोन उचलत होतो. जो फोन करील त्याचं नाव लिहायचं, दुसरं काही सुचतच नव्हतं. आणि आपल्या टेकडीवरून, जिथल्या दवाखान्यात तू नर्स होतीस त्या झोपडपट्टीतून, फोनच येईना. एक साहेब खुशीत म्हणाले, "टेकडी क्लीन आहे." मला तिथल्या तिथे तुझी आठवण झाली. फोन आला नाही म्हणजे आजार नाही, हे ऑफिसातल्या कागदांना फार लवकर पटतं.

टेकडीवरची माणसं ताप लपवत होती, आई. सांगितलं तर गाडी येणार, माणूस नेणार, परत आणणार की नाही कुणास ठाऊक, आणि घराला बांबू ठोकणार. आमच्या आरोग्यसेविका त्या उन्हात पायऱ्या चढून जायच्या आणि हात हलवत खाली यायच्या. त्यातली एक, दोन मुलांची आई, तोंडाची फटकळ, मला म्हणाली, "मॅडम, दारात 'आमचे सगळे झकास' म्हणतात आणि आतून खोकला ऐकू येतो. आता मी काय खोकल्याचं नाव लिहू?" मी तिला म्हटलं, "दोरी बघ गं." "कुठली दोरी?" "कपड्यांची. बाईचे, पोरांचे कपडे रोज वाळत असतील आणि कामावर जाणाऱ्या पुरुषाचा शर्ट तीन दिवस दिसला नाही, तर तो आत झोपलाय. मग दारातून विचारू नकोस. उंबऱ्यावर बस, पाणी माग." ती म्हणाली, "अय्या, मॅडम, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं?" मी म्हटलं, "घरी." सगळे घरात असताना कामाचा शर्ट तसाही कोण धुणार, असं तिने वाद घालायला विचारलं, पण टेकडीवरचे निम्मे पुरुष सफाईला, सिक्युरिटीला, दूध टाकायला रोज जातच होते. दुसऱ्या दिवशी ती खाली आली ती पळतच. चार घरं सापडली होती. मग मी तुझी गेरूची खूण काढली. दाराच्या चौकटीवर तारीख, आणि पुन्हा यायचं असेल तर खाली आडवी रेघ. तीच खूण, जिच्यासाठी तू कुंभाराकडून गेरू आणून डब्यात भिजवायचीस आणि माझ्या शाळेच्या पांढऱ्या युनिफॉर्मला डाग पडला म्हणून मी रडायची. त्या रेघांनी टेकडी सांभाळली. सगळी माणसं वाचली असं नाही. पण बरीच वेळेत खाली आणता आली.

सेविका मात्र बसायच्या कुठे, माहीत आहे? टेकडीच्या पायथ्याशी, आपल्या दवाखान्याच्या बंद दारासमोर, फुटपाथवर प्लास्टिकचा कागद बांधून. त्या दोन खोल्यांची आधी व्यायामशाळा झाली, मग लग्नाचा हॉल, मग नुसतं कुलूप. मी रोज त्या कुलपावरून जायची आणि रोज त्या माणसाला शिव्या द्यायची. कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईला शोभणार नाहीत अशा, मनातल्या मनात, आणि दोनदा मोठ्याने.

तो दिवस मला घड्याळासकट आठवतो. मे महिन्याची सुट्टी आहे, मी दवाखान्यातल्या निळ्या बाकावर गोष्टीचं पुस्तक वाचत बसले आहे. अकरा वाजता तो तपासणीला येतो. तरुण साहेब, नवी कोरी फाईल, गळ्यापर्यंत बटण. दवाखान्यात पेशंट नाही, तू नाहीस, फक्त मी. तू पंधरा मिनिटांनी येतेस. घामाने चिंब, पायाला लाल माती, पिशवीत लशींची थंड पेटी, बोटांना गेरू. तो तुला बस म्हणत नाही. "बाई, हा दवाखाना आहे की भाजीची हातगाडी? गल्लोगल्ली फिरताय आणि इथे खुर्ची उन्हात तापतेय." तू म्हणतेस, "साहेब, पोरांच्या आयांना खाली यायला वेळ नसतो, म्हणून मीच वर जाते." तो हसतो. तेवढ्यात बाहेर दोन बाया येऊन उभ्या राहिलेल्या असतात, त्यांच्यादेखत हसतो. पुढच्या महिन्यात दवाखाना बंद झाला, तुला मेमो मिळाला आणि बदली मानखुर्दला. बाबांची गिरणी बंद पडलेली, म्हणून नाही म्हणायची सोय नव्हती. तिथल्या रोजच्या तंगडतोडीने तुझे गुडघे गेले. शेवटी शेवटी तू भिंतीला धरून स्वयंपाकघरात जायचीस, ओट्याशी स्टुलावर बसून पेज ढवळायचीस, आणि मी विचारलं की म्हणायचीस, "काय एक दुखणा नाय."

या दिवसाचं एवढंच मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

पालिकेत लागल्यावर काही वर्षांनी जुन्या फायली नष्ट करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात आपल्या दवाखान्याची फाईल होती. वर त्याचा शेरा, त्याच्या सहीचा. "उपस्थिती नगण्य. परिचारिका कामाच्या वेळेत जागेवर आढळत नाही. दवाखाना बंद करून जागा अन्य वापरास द्यावी." मी फाईल नष्ट केली नाही. घरी आणून लपवली, आणि तू गेल्यावर तुझ्या साड्यांच्या ट्रंकेत, तळाशी ठेवली. तुला कधी दाखवली नाही.

आता ऐक कालचं. साथ ओसरल्यावर वरून हुकूम आला, प्रत्येक वॉर्डाने पुढच्या साथीची तयारी आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसवण्याचा आराखडा करावा. आमच्या वॉर्ड ऑफिसरबाई तरुण आहेत, हुशार आहेत, माणसाचं ऐकून घेतात. कोणत्या शाळेत केंद्र उघडायचं, ऑक्सिजन कुठे साठवायचा, म्हाताऱ्यांच्या याद्या कुणी ठेवायच्या, सगळं त्यांनी आमच्याकडून लिहून घेतलं. टेकडीचा दवाखाना पुन्हा सुरू करावा, ही ओळ मी लिहिली. आणि प्रस्तावना लिहायला त्यांनी एक अनुभवी, निवृत्त तज्ज्ञ बोलावले. तोच.

मीटिंगच्या पत्रावर त्याचं नाव वाचलं, आणि काल सकाळी निघताना मी ट्रंकेतून शेऱ्याचा कागद काढून पर्समध्ये ठेवला. तो बोलला छान. म्हणाला, "या साथीने एकच शिकवलं. पेशंटची वाट पाहू नका, पेशंटच्या दारात जा. आम्ही तर आमच्या काळापासून हेच सांगत होतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारची फटकळ सेविका कुजबुजली, "मॅडम, तुमच्या घरचं ट्रेनिंग यांच्याकडे कसं गेलं?" मी उठले. म्हटलं, "सर, तुमच्या काळातला एक कागद माझ्याकडे आहे, वाचू का?" वॉर्ड ऑफिसरबाईंनी हात केला, वाचा. मी वाचला. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवल्यासारखा, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. शेवटी सहीसुद्धा वाचली. मग म्हटलं, "ती परिचारिका रोज टेकडी चढत होती. ती माझी आई." कुणीतरी मागे फस्सकन हसलं आणि खोकल्यात लपवलं.

त्याने चष्मा काढला, पुसला. म्हणाला, "शेरा माझाच आहे. पण बाई, मी शेरा रिपोर्ट पाहून लिहायचो. महिन्याचा रिपोर्ट त्याच्यामागे लावलेला असायचा. तो कुठाय?"

"फाईलीत एवढंच आहे, सर."

मग त्याने मान खाली घातली. ऑफिसरबाई मऊ आवाजात म्हणाल्या की प्रस्तावना आता आपण ऑफिसातच लिहू, आणि दवाखान्याची ओळ पहिल्या पानावर घेऊ. हा जुना शेराही शेवटी जोडा, म्हणाल्या, लोकांना कळू दे काय चुकलं. लिफ्ट बंद होती. तो दोन मजले काठी टेकत उतरला, एकेका पायरीवर दोन्ही पाय आणत, तू उतरायचीस तसा. कुणीतरी हात द्यायला हवा होता. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि हात पाठीमागे बांधून शेवटच्या पायरीपर्यंत त्याला पाहिलं. मला बरं वाटलं, आई. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता उरलेलं अर्धं. तो रिपोर्ट फाईलीत होता. माझ्यासमोर आत्ता टेबलावर आहे.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी तू जेवणं उरकून मला ओट्यापाशी बसवायचीस, कारण रिपोर्ट इंग्रजीत जायचा. "माका इंग्रजी येणा नाय, म्हणान तुका त्या शाळेत घातलंय," म्हणायचीस आणि खोबऱ्याची वडी पुढे करायचीस. छापील फॉर्मवर दवाखान्यात आलेल्या पेशंटचे रकाने होते. घरी जाऊन पाहिलेल्यांना रकानाच नव्हता. तू दर वेळी सांगायचीस, "खाली मोकळ्या जागेत घरभेटी लिही गो, सगळे लिही." आणि सिस्टरांनी शिकवलं होतं की पानाच्या तळाशी बोटभर जागा कोरी सोडावी, तिथे कोंबून लिहितात त्या मुली अजागळ. माझ्या सुंदर पानाला तसली ओळ मला नको होती. मी "लिहिलं" म्हणायची आणि वडी खायची. एकदा नाही, वर्षभर.

त्या दिवशी त्या माणसाने विचारलं होतं, "हे तुमचं फिरणं कागदावर कुठे आहे?" तू केवढ्या विश्वासाने बोट ठेवलंस, बरोबर तळाशी, गेरूचं बोट. त्या कोऱ्या जागेवर अजून तांबूस ठसा आहे. त्याने पान तुझ्यापुढे धरलं, तू पाहिलंस, मग बाकाकडे पाहिलंस. मी पुस्तकात डोकं घातलं. तू म्हणालीस, "चुकला माझा, साहेब. सांगूचा रवला." घरी येऊन तू मला एक शब्द बोलली नाहीस. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ओट्यावर वडी होती, फॉर्म नव्हता.

हसला तो, ते मी त्याला माफ करणार नाही. विचारायला टेकडीवर गेला नाही, तेही नाही. पण त्याने काल जो कागद मागितला तो मागायचा त्याला हक्क होता.

आराखडा सोमवारी छपाईला जातोय. शेरा मी शेवटच्या पानात लावून दिला आहे. हे पत्र मी रिपोर्टला टाचून पुन्हा तुझ्या ट्रंकेत ठेवते, साड्यांखाली. अजून चार दिवस आहेत, शेऱ्यामागे रिपोर्टचा हा कागदही जोडता येईल. मी जोडणार नाही, आई.