पाळण्याचा हुक

३ नोव्हेंबर २०२५, सकाळ
सुकन्या बाळंतपणाला माहेरी आली. पाळणा हॉलमध्येच टांगणार. २०१६ साली स्लॅब टाकतानाच त्यात हुक सोडून ठेवलाय. इंजिनिअरची दूरदृष्टी. शेजारच्या हरिओमने घरावर पत्रे टाकले, त्याची कीव येते. हुकाभोवती तांबूस डाग दिसतो. पेंटर बोगस होता.

६ नोव्हेंबर
डागावर पुट्टी भरली. दुपारी शेजारी दुसरा डाग. दमट हवेमुळे. लातुरात दमट हवा कुठली, असं रुद्रेशने विचारलं. मुलाने बापाला असं विचारू नये.

९ नोव्हेंबर
बायको उमा म्हणाली, आतलं लोखंड गंजलंय. दुष्काळात टँकरचं पाणी प्यायला ठेवलं आणि स्लॅबला मागच्या बोअरचं खारं वापरलं. तेव्हा ती म्हणाली होती, "ज्या पाण्यात डाळ शिजत न्हाई, त्यात स्लॅब कालवायलाव का?" मी गवंड्यांसमोर हसलो होतो. नोकरीत असताना खाऱ्या पाण्यावरून मी लोकांची कामं पाडायला लावली, हे खरं. पण ती सरकारी होती. हे घरचं.

१४ नोव्हेंबर
लोड टेस्ट. हुकाला गव्हाचं पन्नास किलोचं पोतं अर्धा तास टांगलं. बाळ फार तर तीन किलोचं असेल. फॅक्टर ऑफ सेफ्टी सोळा. रुद्रेश म्हणाला, पोतं गप राहतंय, पाळणा दिवसभर हलतोय. मग पोतं हलवून दाखवलं. डोक्यात थोडी वाळू पडली. आंघोळ केली. निकाल समाधानकारक.

२० नोव्हेंबर
नात झाली. दोन किलो आठशे. फॅक्टर आणखी वाढला.

१ डिसेंबर, संध्याकाळ
बारसं. विहीणबाई नागुबाई उदगीरहून आल्या. स्लॅब शंभर वर्षं टिकेल, असं मी त्यांना सांगितलं. सुकन्या बाळाला पाळण्यात ठेवेना. दूध पाजायचंय म्हणत स्वयंपाकघरात गेली. मला राग आला. सगळ्यांना खात्री पटावी म्हणून रिकाम्या पाळण्याला मीच झोका दिला.
चौथ्या झोक्याला हुक निखळून खाली आला. सोबत पाटीभर काँक्रीट. सगळं उशीवर.
वर सळई दिसत होती. सोळा एमएमची टाकली होती, शिसपेन्सिलीएवढी उरलीय. नागुबाई दुपट्यातले खडे वेचत बसल्या. बारसं हरिओमच्या पत्र्याखाली झालं. त्याने मला खुर्ची दिली. मी दाराबाहेरच उभा राहिलो. लाज वाटत होती.

२ डिसेंबर
उमा अजून काही बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. जेवायला वरणभात होता. डाळ मऊ शिजली होती. खाली मान घालून जेवलो.