हौदाच्या फरशीवरची हळद

बाजी,

बंगल्याच्या बागेतल्या हौदाच्या फरशीवरचा लाल डाग गंजाचा न्हाई. लिंबू पिळून पाहिलं, तर पिवळा झाला. हळद हाय ती. बाळाला सव्वा महिना झाला म्हणून तुझ्या बायकोनं, बयानं, हौदावर पाणी पुजलं. तू घाबरून त्यावर धुण्याचा सोडा चोळलास, म्हणून हळद लाल झाली. आता घासू नको. हौद उपस, दोन दिवस कडक ऊन लागू दे, डाग आपोआप उडंल.

बंगल्याच्या बाईसाहेबांपुढं डागासाठी बायकोचं नाव सांगून तू मोकळा झालास. ती लेकरू घेऊन माहेरी, भऱ्याला गेली. मी तिला आणायला निघालोय. बाईसाहेबांना तोंडावर सांग, ‘माझ्या पोरासाठी माझ्या बायकोनं पूजा केली.’ एवढं बोलवत नसंल, तर मीही भऱ्यातच राहतो. तुझ्या भाकरी तू थाप.

तुझा बाप,
बहिरू