पान मास्तरांचं गाढव आणि माझी सायकल

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या शौहुआचा वाकून नमस्कार. हार्बिनच्या थंडीत तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचं बुद्धिबळ जोरात असेलच. आम्ही इकडे ठीक (म्हणजे युएचन ठीक, मी तिच्या मर्जीतून उतरलोय).

झालं असं, की आमच्या थ्यानचिनच्या चहाघरात कथेकरी पान मास्तर दर शनिवारी गाढव विकण्याची गोष्ट सांगतात. बावीस वर्षं तेच गाढव, तीच लाथ. माझं मत, विनोद म्हणजे वाफेवरचा पाव. दुसऱ्या दिवशी दगड. युएचन म्हणते, "लोणचं आहे ते, मुरू द्या." यावरून दर शनिवारी परतताना आमची जुंपते (आणि तरी जातोच). गेल्या खेपेला मास्तरांनी गोष्टीतल्या गाढवाचा कान धरला मात्र, माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, म्हातारं झालं हो ते, आता विका एकदाचं!"

लोक खो खो हसले. मी उठून मानसुद्धा लववली. मास्तर तेवढे हसले नाहीत. पंखा मिटून त्यांनी हळूच विचारलं, "मग साहेब, तुम्ही बायकोला रोज नवं काय सांगता?"

मी तोंड उघडायच्या आत युएचन उभी. "माझ्याआधी एक मुलगी बघायला जाताना सायकलसकट नदीत पडले, ते सांगतात. एकतीस वर्षं!"

झालं! लोकांनी मला ढकलत मंचावर चढवलं. मी गोष्ट सांगितली. एक जण हसेल तर शपथ! शेंगा फोडल्याचा आवाज तेवढा येत होता. शेवटचं वाक्यच आठवेना. तेव्हा खालून युएचन माझ्याच आवाजात ओरडली, "मुलगी पसंत आहे, पण आधी टॉवेल द्या!" लोक हसून लोळले. ताई, तिला शब्दन् शब्द पाठ होता गं.

मास्तरांनी मला चहा ओतून दिला आणि कानाशी म्हणाले, "मालक नवी पोरं आणायचं म्हणतायत. आणखी कुणी ओरडलं, की माझा शनिवार गेला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथूनच मी मालकांना ऐकू जाईल असा ओरडलो, "गाढव कुठाय? आम्ही गाढवासाठी आलोय!" सगळं चहाघर "गाढव, गाढव" करू लागलं (मालकांना क्षणभर वाटलं, त्यांनाच म्हणतायत). मास्तरांनी पहिल्यापासून सांगितलं. मी हसलो. आधी प्रायश्चित्त म्हणून. लाथेपाशी मात्र खरोखर, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मास्तरांचा शनिवार शाबूत आहे.

युएचनचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुझा,
शौहुआ

ता. क. मालकांनी सणाच्या शनिवारी मलाही सायकलची गोष्ट सांगायला बोलावलंय. तुम्ही दोघं सणाला याल ते कृपा करून रविवारी या.

आणखी ता. क. तुला बघायला येताना नदीत भाऊजी पडले होते, हे युएचनला अजून ठाऊक नाही.